गोणपाटातला बर्फ

खंडेरावांच्या घरात फ्रिजचं दार उघडलं की बसल्या जागेवरून एकच शब्द यायचा. "दार!"

शब्द एवढाच. त्यात राग असायचाच असं नाही. बर्फाच्या कारखान्यात उभी हयात काढलेल्या माणसाच्या तोंडून तो शिंकेसारखा आपोआप बाहेर पडायचा. वच्छलाबाईंनी दुधाचं पातेलं आत ठेवलं, "दार!" शेजारच्या सुकेशनीनं मिरच्या ठेवायला दिल्या, "दार!" पुण्याहून मुलगा आदिनाथ सुट्टीला आला आणि बाटली शोधत जरा उभा राहिला, तर त्यालाही "दार!" पाहुणा असेल तर मात्र खंडेराव नुसते खाकरायचे.

ते मूळचे सोयगावकडचे. घर मेंढपाळांचं. वडील मुंजाबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे आणि प्यायचं पाणी जाड कापडाच्या छागलीत भरून घोड्याच्या पाठीला टांगायचे. ऊन जेवढं तापेल आणि वारं जेवढं लागेल तेवढं छागलीतलं पाणी गार व्हायचं. थंड पाणी फुकट मिळतं, फक्त ते ठेवायची अक्कल पाहिजे, हे खंडेरावांनी तिथंच शिकून घेतलं. पुढं मेंढरांवर भागेना म्हणून ते शहरात आले आणि जालना रोडच्या बाजूला असलेल्या एका बर्फाच्या कारखान्यात लागले.

तिथं त्यांना उलटी गोष्ट शिकायला मिळाली. मिठाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात पाण्याचे उभे डबे सोडलेले असायचे, त्यात लाद्या गोठायच्या. त्या उपसून भुश्यात घालायच्या, वर गोणपाट टाकायचं आणि थंड खोलीत रचायच्या. खोलीच्या तोंडाशी मुकादम तात्यासाहेब खुर्ची टाकून बसलेले. कुणी आत गेलं आणि फळी पूर्ण ओढली नाही की ते गरजायचे, "दार! थंडी बाहेर गेली म्हंजी वीज बाहेर गेली. अन् वीज बाहेर गेली म्हंजी तुमची रोजी बाहेर गेली, कळलं का?" हे ऐकत ऐकत खंडेरावांचे केस पिकले. तात्यासाहेब गेले, पुढं कारखानाही बंद पडला, पण तो आवाज खंडेरावांच्या गळ्यात मुक्कामाला राहिला.

लग्न होऊन वच्छलाबाई मुकुंदवाडीतल्या पत्र्याच्या खोलीत आल्या तो उन्हाळा जीवघेणा होता. दुपारी पत्रा तव्यासारखा तापायचा. कामावरून येताना खंडेराव लादीचा फुटका कोपरा भुश्यात घोळवून, गोणपाटात बांधून सायकलच्या मागं आणायचे. घरी पोचेपर्यंत त्याचा मुठीएवढा गोळा उरलेला असायचा. वच्छलाबाईही मेंढपाळाच्याच घरातल्या. बर्फ त्यांनी लांबून पाहिला होता, तोंडात कधी धरला नव्हता. पहिल्यांदा त्यांनी तो खडा तोंडात टाकला आणि या गालातून त्या गालात फिरवत बसल्या. डोळ्यांतून पाणी आलं, दात वाजायला लागले, तरी थुंकेनात.

"अगं, टाक की. जीभ आखडंल."

त्यांनी नुसती मान हलवली आणि हसल्या. हसताना गालात तो खडा उभा राहिला. पुढं आळीतल्या बायका बसायला आल्या की त्या खडा पदराआड धरायच्या आणि मधूनच तोंड फिरवून चोखायच्या. नवऱ्यानं आणलेला बर्फ खाताना कुणी बघू नये, असं त्यांना वाटायचं. खंडेरावांना ते सगळं दिसायचं. आयुष्यात आपण कुणाला काही दिलं असेल तर ते हे, असं त्यांना मनातून वाटायचं. बोलून दाखवायची मात्र त्यांची रीत नव्हती.

पत्र्याच्या जागी स्लॅबची दोन खोल्यांची जागा झाली. मुलगी शीला करमाडला दिली. आदिनाथ पुण्याला कंपनीत लागला आणि एका दिवाळीला त्यानं आईसाठी फ्रिज पाठवून दिला. वच्छलाबाईंनी फ्रिजला कुंकू लावलं. खंडेरावांनी बराच वेळ त्याच्या अंगावरून हात फिरवला, कान लावून आवाज ऐकला आणि त्या दिवसापासून ते त्या घरातले तात्यासाहेब झाले.

त्यांचे नियम सोपे होते. प्यायचं पाणी फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, ते माठातलंच प्यायचं. आणि त्यांचा माठ खरंच बघण्यासारखा असायचा. वाऱ्याच्या खिडकीत ओल्या वाळूवर बसवलेला, अंगाला ओलं कापड, वरचेवर त्यावर पाण्याचा हबका. आमच्या आळीत त्या माठासारखं पाणी दुसऱ्या कुणाच्या घरी मिळत नसे, हे खोटं नाही. फ्रिज फक्त दूध, भाजी आणि उरल्यासुरल्यासाठी. त्याचं दार उघडायच्या आधी काय घ्यायचं ते मनात ठरवायचं. आणि दुपारी, ऊन चढलं की त्याचं बटण बंद. "उन्हाचं मीटर लई पळतं. आत गारवा साठलेला हाय, दार नाय उघडलं तर सांजच्यापतूर जातो कुठं?"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांच्या मनात आलं, लादी आपण उघडी ठेवत नव्हतो, मग हे यंत्र उघडं कशाला? त्यांनी गोणपाटाची पोती उसवली, आतून जुन्या गोधडीचं अस्तर लावलं, दाभणानं शिवलं आणि फ्रिजच्या दोन्ही बाजू, पाठ आणि डोकं नीट झाकून टाकलं. फक्त दार तेवढं मोकळं. वर फ्रिज भिंतीला खेटवून ठेवला, मागून वारं लागू नये म्हणून.

सुकेशनी बघून हसून हसून खाली बसली. "काका, मे महिन्यात फ्रिजला स्वेटर घातलं व्हय?"

"स्वेटर नाय ते. अंगरखा हाय. मापाचा शिवलाय."

"मग मावशीला बी एक शिवा की. मग जावा कुठं लग्नाला जोडीनं."

वच्छलाबाईही हसल्या. तेव्हा घरात हसू होतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता वच्छलाबाईंच्या पायावर सूज आली. धाप लागायला लागली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, हृदय थकलंय. औषधं दिली, मीठ कमी केलं आणि वर पाण्यावरही बंधन घातलं. दिवसाला ठरलेलं पाणी, त्याच्यावर घोटभरही नाही.

"बाई, उन्हाळ्यात कसं व्हायचं वं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"तोंड फारच कोरडं पडलं ना मावशी, तर बर्फाचा लहानसा खडा तोंडात धरायचा. तोंड ओलं राहतं आणि पाणी कमी जातं. तो मात्र दिवसाच्या पाण्यातच मोजायचा."

वच्छलाबाईंनी खंडेरावांकडं पाहिलं. त्या आजारात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "ऐकलं का? औषध म्हनून बर्फ दिला मला." खंडेरावही हसले. वाटेत त्यांनी बर्फाचा नवा ट्रे घेतला.

हिवाळा निभावला. उन्हाळा लागला तसं अवघड झालं. सकाळी ट्रेमध्ये बर्फ धरायचा, पण कडक नाही. वरती साय धरावी तसा पापुद्रा आणि खाली पाणी. खंडेराव म्हणायचे, ही मशीनच हलकी, आमच्या कारखान्याच्या लादीवर माणूस उभा राहायचा. वच्छलाबाई तो पापुद्रा चमच्यानं उचलून तोंडात धरायच्या. खरी तहान लागायची ती दुपारी, आणि दुपारी तर बटण बंद. त्या ट्रे काढायच्या तेव्हा त्यात नुसतं पाणी डुचमळत असायचं. तेही पिता यायचं नाही, कारण तेवढं पाणी दिवसाच्या मोजलेल्या पाण्यात बसत नव्हतं.

एकदा त्या बोलल्या. "अवो, दुपारचं चालू ठिवा ना तेवढं. जिभेला काटे येतेत माझ्या."

"अगं, सारखं उघडू नको म्हंजी बर्फ टिकतो. आमच्या कारखान्यात..."

"कारखाना बंद पडून किती वर्सं झाली?"

"म्हनून तर पडला. लोकं दार उघडं ठिवायला लागले." खंडेराव स्वतःच्या विनोदावर हसले. "माठातलं पानी तोंडात घे अन् गुळनी करून टाक. गारच हाय की ते."

वच्छलाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. खंडेराव धरून चालले की पटलं असेल. आपल्या माणसाचं गप्प बसणं त्यांनी जन्मभर होकारच समजलं होतं.

अशाच एका दुपारी ते ओट्यावर सावलीला बसले होते. कारखान्यातला जुना सोबती बन्सी आला होता. दोघांचं तंबाखू मळणं चाललं होतं. तेवढ्यात सुकेशनीच्या घरातून वच्छलाबाई बाहेर आल्या. एका हातानं भिंत धरत, हळूहळू. दुसरा हात पदराखाली. पदराखाली काही धरलंय हे लांबूनही कळत होतं. जवळ आल्यावर वाटीत काहीतरी वाजलं.

"काय आनलं गं?"

त्यांनी पदर बाजूला केला. स्टीलच्या वाटीत बर्फाचे चार खडे. चांगले कडक, काचेसारखे.

खंडेरावांना बन्सीसमोर कसंसंच झालं. आणि कसंसं झालं की ते थट्टेवर जायचे. "बघ रे बन्सी, बर्फवाल्याची बायको दारोदार बर्फ मागत फिरू राहिली! आता थाळी वाजवायची राहिली तेवढी!"

बन्सी खो खो हसला. वच्छलाबाईही हसल्या, हसल्यासारखं केलं. मग त्यांनी ती वाटी अलगद ओट्याच्या कडेला, खंडेरावांच्या शेजारी ठेवली आणि आत निघून गेल्या.

"वयनी, बर्फ राहिला की!" बन्सीनं हाक मारली.

ऊन सरकून ओट्याच्या कडेला आलं होतं. दोघं बोलत राहिले, कुणाचं कोण लागतं, कुणाचा गुडघा बदलला. बोलता बोलता खंडेरावांचं लक्ष वाटीकडं जात होतं. खडे आधी एकमेकांना चिकटले, मग गोल झाले, मग नाहीसे झाले. उचलून आत नेऊन द्यावे, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. बन्सी बसला होता म्हणून ते उठले नाहीत. एवढीच गोष्ट. पण पुढं त्यांना सगळ्यात जास्त टोचत राहिली ती हीच.

त्या आठवड्यात शीला आईला बघायला आली. जाताना वच्छलाबाईंनी पिशवी भरली. "चार दिस लेकीकडं जाऊन येते."

"जा की," खंडेराव म्हणाले. "तेवढीच हवापालट."

चार दिवसांचे आठ झाले. फोन केला की त्या "येईन की" म्हणायच्या. मग शीलाच म्हणाली, "आबा, माय इथं बरी हाय. राहू द्या ना जरा."

घरात आता "दार!" म्हणायला कारण उरलं नव्हतं. खंडेराव एकटेच भाकरी थापायचे, माठावर हबका मारायचे. आणि एक दिवस दूध नासलं. दुसऱ्या दिवशीही नासलं. फ्रिज कण्हल्यासारखा आवाज करायचा, मध्येच खट् करून थांबायचा. त्यांनी हात लावून पाहिला, अंगरख्याच्या आत हात भाजेल अशी धग होती.

दुरुस्तीवाला राजकुमार पाना आणि पिशवी घेऊन आला. दारातच उभा राहिला. "अरे बाप रे! काका, ये किसने किया?"

"मी केलं. गारवा आत राहावा म्हनून."

"गारवा आत राहतो, पन गरमी कुठून निघनार? काका, हा आतली गरमी उचलतो अन् पाठीतून, कुशीतून बाहेर टाकतो. तुम्ही त्याला गोधडीत गुंडाळला, वरून भिंतीला चिकटवला. म्हंजी ताप आलेल्या मानसाला अजून पांघरून घातलं." तो गोणपाट ओढून काढायला लागला. "वरून दुपारी बंद करता म्हनता. मग संध्याकाळपासून तो हाफत हाफत पळतो, बर्फ धरायची ताकदच राहत नाही त्याच्यात. बर्फ जमत होता का?"

"पापुद्रा धरायचा."

"तोच ना. बिल पन वाढलं असंल उलटं."

बिल खरंच वाढलेलं होतं. खंडेरावांनी त्याचा दोष वच्छलाबाईंच्या दार उघडण्याला दिला होता, तोंडावर.

लादीला थंडी बाहेरून कुणीतरी दिलेली असते, तिला फक्त झाकायचं असतं. हे यंत्र स्वतः राबून थंडी करतं, त्याला श्वास लागतो. एवढी साधी गोष्ट. कारखान्यात हौदापलीकडच्या यंत्राच्या खोलीतून कसली भट्टीसारखी गरम हवा यायची, हे त्यांनी रोज अंगावर घेतलं होतं आणि तरी त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. राजकुमार काम उरकून गेला. फ्रिज भिंतीपासून हातभर पुढं आला. खंडेराव खाली पडलेल्या अंगरख्याजवळ बसून राहिले. चमच्यानं पापुद्रा उचलणारा हात त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना.

मग त्यांनी बटण बंद करणं सोडलं. सकाळी ट्रे काढून पिरगाळला तर खडे टणाटण उडाले. एक त्यांनी तोंडात टाकला. या गालातून त्या गालात नेला. दात ठणकले आणि त्यांनी तो वाटीत काढून ठेवला.

त्याच दिवशी त्यांनी एक उभा डबा पाण्यानं भरून बर्फाच्या कप्प्यात घातला. रात्रीतून डबा गोठला तसा सकाळी तो साध्या पाण्यात क्षणभर बुडवला, कारखान्यात करायचे तसा, आणि उपडा केला. छोटीशी लादी सुळकन हातात आली. सुताराकडून भुसा आणला होता. गोणपाट घरातच होतं, फ्रिजवरून उतरलेलं. ज्या कामासाठी ते खरं होतं ते काम त्याला आता मिळालं. भुसा, लादी, वर भुसा, वर गोणपाटाच्या घड्या आणि सुतळीची गाठ. हात काही विसरले नव्हते.

बसमध्ये त्यांनी पोतं मांडीवरच घेतलं. चिकलठाणा मागं पडलं तोवर धोतर भिजलं होतं.

"आबा, पोत्यातून पानी गळू राहिलं. मासळी हाय का?" कंडक्टरनं विचारलं.

"बर्फ हाय."

"कुठं चालला बर्फ?"

"करमाडला."

"का? करमाडला बर्फ भेटत नाय?"

आजूबाजूचे लोक हसले. खंडेरावही हसले. शेंद्र्याच्या कंपन्या खिडकीतून मागं जात राहिल्या. हसू ओसरल्यावर तो प्रश्न त्यांच्याजवळच राहिला.

शीलाच्या घरी पुढच्याच खोलीत दोन दारांचा फ्रिज होता. पंख्याखाली वच्छलाबाई पाय लांब करून बसल्या होत्या. पायांची सूज उतरलेली दिसत होती. शेजारी नात श्रेया फ्रिज उघडा ठेवून एका पायावर उभी होती आणि आत काय काय आहे ते निवांत बघत होती. थंड वाफ खोलीभर पसरत होती.

"दा..." खंडेरावांच्या तोंडून निघालं.

वच्छलाबाईंनी वर पाहिलं. खंडेरावांनी उरलेलं गिळलं. श्रेयानं चॉकलेटची गोळी काढली, कोपरानं दार लोटलं आणि "आबा आले!" म्हणत त्यांना येऊन चिकटली. "तुम्ही ओले कसे झाले? पाऊस आला?"

"नाय बाळा. बर्फ आनलाय आजीला."

"आमच्याकडं आहे की! गोल वाला पण आहे."

"गप गं," शीला आतून म्हणाली. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि काय ते ओळखून श्रेयाला घेऊन आत गेली.

खंडेरावांनी सुतळी सोडली. भुसा बाजूला केला. लादीचा मुठीएवढा गोळा उरला होता, पूर्वी सायकलवरून उरायचा तेवढाच. त्यांनी तो तांब्यातल्या पाण्यानं धुतला, फोडला आणि एक खडा तळहातावर धरून पुढं केला.

वच्छलाबाईंनी त्या गोणपाटाकडं बराच वेळ पाहिलं. "अंगरखा काढला व्हय त्याचा?"

"काढला. चुकलंच ते. त्याच्यानंच बर्फ धरत नव्हता. आता दिसभर चालू असतं, दुपारचं बी. ट्रे भरून ठिवलेत." त्यांना अजून बरंच बोलायचं होतं. ओट्यावरच्या वाटीचं बोलायचं होतं. बसमध्ये त्यांनी ते जुळवूनही ठेवलं होतं. ते काही तोंडात येईना. "तुला घ्यायला आलो. चल घरी."

वच्छलाबाईंनी खडा उचलून तोंडात टाकला. या गालातून त्या गालात फिरवला. डोळे मिटले. क्षणभर त्या पत्र्याच्या खोलीतल्या वच्छला झाल्या आणि खंडेरावांना वाटलं, जमलं.

खडा पार विरघळला. मग पदरानं ओठ टिपले.

"मिरग निघू दे. मग येते."

"आत्ताच का नाय?"

"एकदा गार पडलं की मग बर्फ लागत नाय मला. म्हंजी मागायचं काम नाय, अन् तुमाला बी तरास नाय."

आवाजात टोमणा नव्हता. रुसवा असता तर खंडेरावांनी काढला असता, टोमण्याला उलट टोमणा त्यांच्याकडं तयार असायचा. पण त्या अगदी सोयीचं सांगावं तसं सांगत होत्या. घरी परत यायचं ते तहान नसेल तेव्हा, म्हणजे कुणाकडं काही मागावं लागणार नाही, एवढा साधा हिशेब त्यांनी मनाशी करून ठेवला होता.

"बरं," खंडेराव म्हणाले.

जेवण झालं. ऊन कलल्यावर वच्छलाबाई त्यांना सोडायला भिंतीच्या आधारानं दारापर्यंत आल्या. "गोनपाट वाळवून ठिवा. ओलं ठिवलं तर वास मारंल," म्हणाल्या. आणि मग, "माठावर पानी मारता ना?"

"मारतो की."

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. गोणपाट त्यांनी ओट्यावर पसरलं. आत येऊन फ्रिज उघडला. दिवा लागला. दोन्ही ट्रे बर्फानं गच्च भरलेले होते. ते दार धरून तसेच उभे राहिले. गार वाफ तोंडावर येत होती आणि मागून कुणी काही म्हणत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, यंत्र घुरघुरायला लागलं तसा त्यांचा हात सवयीनं पुढं झाला आणि दार लागलं.

मिरगाला अजून बराच अवकाश होता.